शंभर वर्षांपूर्वीचा तोच डाव का?

‘संगणकावरचं बुद्धिबळाचं इंजिन सेकंदात उत्तर देतं, मग शंभर वर्षांपूर्वीचा एकच डाव महिनाभर काय मांडत बसता?’ माझ्याकडे बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

तो डाव न्यूयॉर्कच्या १९१८च्या स्पर्धेतला. पांढरे मोहरे क्यूबाच्या कापाब्लांकाकडे (तो पुढे जगज्जेता झाला), काळे अमेरिकेच्या फ्रँक मार्शलकडे. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची पद्धत, रुय लोपेझ. सात चाली ओळखीच्या, आणि आठव्या चालीला मार्शल प्यादं डी५वर खेळून (डी५, ई५ ही पटावरच्या घरांची नावं) ई५वरचं प्यादं सोडून देतो. कापाब्लांकासाठी त्याने ही चाल वर्षानुवर्षं लपवून ठेवली होती, अशी आख्यायिका आहे. इतिहासकारांना ती शंकास्पद वाटते, म्हणून मी मुलांना सांगत नाही.

माझा जीव अडकतो दहाव्या चालीत. समोरचा घरून तयारी करून आलाय, हे कापाब्लांकाला उमगलं होतं. त्याने पुढे तसं लिहूनही ठेवलं. तरी त्याने घोड्याने ते प्यादं मारलं. इंजिन मला ‘मारा’ एवढंच सांगेल. समोर काय वाढून ठेवलंय ते माहीत नसताना मारणं काय असतं, ते या डावातच कळतं.

मग काळ्याचा हल्ला सुरू होतो. पंधराव्या चालीला घोडा एफ२चं प्यादं खातो. इथे मी पुस्तक झाकतो. मुलं लगेच वजिराने घोडा मारतात. मग काळ्याने उंट थेट जी३वर आणला, तर पांढरा एफ७वर वजीर देऊन ई८वर हत्तीने मात करतो. पण आधी उंटाने एच२वर शह देऊन राजाला एफ१वर आणलं आणि मग उंट जी३वर घेतला, की तोच वजीर एफ७वर मारताना काळ्याचा हत्ती शह देतो. पांढऱ्याची मात हुकते! हा क्रम हाताने मोहरे हलवल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

कापाब्लांकाने घोडा मारलाच नाही, हत्ती ई२वर घेतला. नंतर त्याचा राजा भर हल्ल्यात सी२पर्यंत चालत गेला आणि ३६ चालींत त्याने डाव जिंकला.

मार्शल हरला, पण आठव्या चालीपासूनची त्याची ही पद्धत ‘मार्शल अटॅक’ या नावाने टिकली. आता काळ्याकडून अकराव्या चालीला घोडा मागे नेण्याऐवजी प्यादं सी६वर खेळतात. पुढे जगज्जेता झालेल्या स्पास्कीने १९६५मध्ये माजी जगज्जेत्या तालविरुद्ध हाच अटॅक वापरला. आजही कितीतरी ग्रँडमास्टर पांढऱ्याकडून आठव्या चालीला ए४ किंवा एच३ खेळून मार्शल अटॅकची वेळच येऊ देत नाहीत.