लिव्हर मागे येते का?

"मामा, ही लिव्हर मागे येताना मध्येच अडखळते," भाचा म्हणाला. तो बोटीच्या चालकाच्या सीटवर बसला होता. मी इंजिनाच्या पेटीत डोकं खुपसून होतो.

"१९८७ सालची बोट आहे रे. थोडं जड चालणारच," मी म्हणालो आणि ब्रॅकेटचे बोल्ट आवळत राहिलो.

त्याचं वाक्य तेव्हा ऐकून घेतलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी फ्लोरिडात विंटर हेवनजवळ बोटींची कामं करतो. या भागात तळी इतकी की निम्म्या घरांमागे धक्का असतो. वॉटर स्कीइंग इथल्या लोकांच्या अंगात आहे. सायप्रस गार्डन्समधले स्कीचे खेळ १९४० च्या दशकापासून इथेच चालायचे. देवगडला वडिलांच्या ट्रॉलरवर लेलँडचं इंजिन होतं, त्याच्या तेलात माझे हात पहिल्यांदा काळे झाले. इथे आल्यावर इंजिनं बदलली, पाणी गोडं झालं, काम तेच राहिलं.

ही बोट एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांची. फोर्डचं पाच पॉइंट आठ लिटरचं व्ही-आठ इंजिन, वर चार तोंडांचा कार्ब्युरेटर, मधोमध पेटीत बसवलेलं आणि शाफ्ट थेट पाण्याखालच्या पंख्याला. कॉम्प्युटर वगैरे काही नाही. लिव्हर ढकलली की केबल कार्ब्युरेटरची झडप उघडते, एवढाच कारभार. तीस वर्षं त्यांनी आधी मुलांना आणि आता नातीला याच बोटीमागे ओढलं. नात सतरा वर्षांची, स्लॅलम करते, म्हणजे बोटीमागे स्कीवरून पाण्यात तरंगणाऱ्या बोयांना वळसे घालत जाते. स्पर्धांत उतरायचं तिच्या मनात पक्कं आहे.

त्यांचा उजवा हात आता थरथरतो. गेल्या वर्षी निदान झालं. बोटीत चालक उजवीकडे बसतो आणि लिव्हर उजव्या हाताला असते, म्हणजे नेमका तोच हात. ते मला म्हणाले, "माझ्या हातामुळे तिची चूक झाली की तिची स्वतःची, हे तिला कळत नाही. ते मला सहन होत नाही." नवी बोट घ्यायची ऐपत असूनही त्यांना ती नको होती. याच बोटीवर वेग धरून ठेवणारी यंत्रणा बसवून द्या, एवढीच मागणी.

ही मागणी किती नेमकी आहे ते स्लॅलमचा कोर्स पाहिल्यावर कळतं. बोयांनीच आखलेल्या एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत २५९ मीटर. बोट मधल्या रेषेवरून सरळ जाते आणि स्कीअरला आलटून पालटून दोन्ही बाजूंच्या सहा बोयांना वळसा घालायचा असतो. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर लांब. मुलींसाठी सर्वांत जास्त वेग ताशी ५५ किलोमीटर. त्या वेगाला पूर्ण कोर्स १६.९५ सेकंदांत पार व्हायला हवा. एक दशांश सेकंद इकडेतिकडे झाला की दीड मीटरचा फरक पडतो. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम पावणेतीन सेकंद मिळत असताना दीड मीटर कुठून आणायचा?

त्यात बोट एकसारखी धावत नाही. स्कीअर बोयाला वळसा घालून दोरीवर झुकला की बोटीला मागे खेचतो, वेग पडतो. दोरी सैल झाली की बोट पुढे उसळते. वारा समोरून असला तर वेगळं, पाठीमागून असला तर वेगळं. जुने चांगले चालक हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखून लिव्हर केसभर पुढेमागे करायचे, आणि शेजारी कोणीतरी स्टॉपवॉच धरून बसायचं. या गृहस्थांच्या बाबतीत ते काम त्यांच्या पत्नी करत. त्या आता नाहीत. घड्याळ डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं.

नव्वदच्या दशकात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातून परफेक्टपास कंपनीची वेग धरून ठेवणारी यंत्रणा आली आणि हे सगळं बदललं. पुढे जीपीएस आलं. आज मोठ्या स्पर्धांत नुसत्या हाताने वेग सांभाळायचा प्रश्नच येत नाही. जुन्या बोटीवर हे बसवायचं म्हणजे इंजिनावर एक सर्व्हो मोटर, डॅशबोर्डवर डिस्प्ले, जीपीएसचा रिसीव्हर आणि या सगळ्यांना जोडणारी वायरिंग. लिव्हरची केबल मोटरपाशी येते आणि तिथून पुढे झडपेला जाते. चालक लिव्हर पुढे करतो, ठरलेला वेग आला की झडपेचं बारीक उघडमीट मोटर करते.

वायरिंगने माझे दोन दिवस खाल्ले. बॅटरीला १२.६ व्होल्ट असताना डॅशबोर्डवर ११.४ येत होते. फ्यूजच्या पट्टीवर हिरवी बुरशी चढलेली. अशा विजेवर मोटर चालवायची म्हणजे तिला उपाशी पळायला लावणं. मी बॅटरीपासून कथील चढवलेल्या तांब्याची नवी वायर ओढली, वेगळा फ्यूज दिला. इग्निशनची जांभळी आणि इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरची करडी वायर शोधून सोल्डर न करता दाबून जोडल्या आणि वर चिकट आतल्या थराची नळी गरम करून बसवली. डिस्प्ले एका जुन्या स्पीडोमीटरच्या भोकात बसला. ते जुने स्पीडोमीटर बोटीखालच्या नळीत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालायचे, नळीत शेवाळाचा तुकडा अडकला की काटा शून्यावर. रिसीव्हर पुढच्या डेकच्या खाली चिकटवला, फायबरग्लासमधून सिग्नल येतो.

या सगळ्याचा मला अभिमान होता, म्हणूनच तो मांडतोय. विजेचं काम मी इतकं जपून केलं की ज्या केबलवर सगळी यंत्रणा लटकणार होती तिला मी नुसता हात लावला. पुढे ढकलून पाहिली. झडप पूर्ण उघडत होती. बस्स.

चाचणीच्या सकाळी तळं अगदी शांत होतं. मी चालवत होतो, भाचा मागे तोंड करून बसला होता, गृहस्थ माझ्या डावीकडे. नात धक्क्यावर लाइफ जॅकेट आणि हातमोजे घालून उभी. आधी दोन फेऱ्या रिकाम्या मारायच्या आणि मग तिला घ्यायचं, असं ठरलं होतं. इंजिनाच्या पेटीतली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर चार मिनिटं चालवला. पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी साचते, म्हणून हे कधीच चुकवत नाही. मग निघालो.

पहिली फेरी सुरेख झाली. मोटरने वेग पकडला तेव्हा इंजिनाचा सूर एकदम स्थिर झाला, जसं तानपुऱ्याची तार लागावी. गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त डिस्प्लेकडे पाहत राहिले.

दुसऱ्या फेरीत कोर्स संपला. मी लिव्हर मागे घेतली. ती अर्ध्यावर घट्ट झाली. मी जोर लावला, आतून 'टक्' असा आवाज आला आणि लिव्हर एकदम हलकी होऊन पूर्ण मागे आली. इंजिन मात्र तसंच गर्जत राहिलं.

यंत्रणा बंद करायचं बटण दाबलं. फरक नाही. समोर काठावरचे सायप्रस वृक्ष वेगाने मोठे होत होते. मी स्टिअरिंग डावीकडे टाकलं आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. बोट पाण्यात बसली, आमचीच लाट मागून आली, बोटीला उचलून पुढे गेली, थोडं पाणी आत घेतलं. मग सगळं गप्प झालं. काठ शंभर पावलांवर असेल.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. तो काहीच बोलला नाही.

मी धक्क्याकडे पाहिलं. ती मुलगी तशीच उभी होती, एका हातात स्की. पुढच्या फेरीला ती मागे असती. दोरी सोडून ती पाण्यात तरंगत राहिली असती आणि तिला घ्यायला मी बोट हळू करत तिच्या बाजूला नेली असती, पंखा तिच्यापासून काही हातांवर. लिव्हर तेव्हा अडकली असती तर काय, हा विचार मी त्या क्षणी केला आणि अजूनही रात्री करतो.

वल्ह्याने बोट धक्क्याला आणली. पेटी उघडली. केबलचं वरचं आवरण ज्या क्लँपमध्ये धरलेलं होतं तिथून निसटलं होतं. पण क्लँपचा दोष नव्हता. मी पूर्ण केबल बाहेर काढली. फरशीखालच्या वळणावर आवरणाला बारीक चीर होती, तिथून वर्षानुवर्षं पाणी झिरपलेलं. आतली तार मी ओढली तेव्हा तिच्याबरोबर तपकिरी पाणी आणि गंजाची पूड आली. तार तिथे फुगून आवरणाला चिकटली होती. लिव्हरचा सगळा जोर तार ओढण्याऐवजी आवरणावर गेला आणि क्लँप सुटला.

हाताने चालवताना माणूस केबलचा हा जडपणा नकळत सांभाळतो. थोडा जास्त जोर, थोडं हलवून घेणं. या गृहस्थांनी तो कितीतरी वर्षं असाच सांभाळला असणार. थरथरणाऱ्या हाताला मात्र तो झेपत नव्हता. त्यांच्या हाताला दिला जाणारा दोष काही अंशी या केबलचा होता, असं मला त्या क्षणी वाटलं आणि मी ते त्यांना सांगितलं. ते बराच वेळ ती गंजलेली तार बोटांत फिरवत बसले.

झालेली चूक माझी होती, हेही सांगितलं. भाच्याने सकाळीच ओळखलं होतं, हेसुद्धा त्याच्यासमोर सांगितलं.

नव्या केबलचे आणि पुढच्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत. नवी केबल टाकताना वळण मोठं ठेवलं. झडपेची परतीची स्प्रिंगही बदलली. मग इंजिन बंद ठेवून भाच्याला लिव्हरवर बसवलं आणि मी झडपेकडे पाहत राहिलो. पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वीस वेळा. मोटरची वीज मध्येच तोडून पुन्हा तेच. दर वेळी झडप शेवटच्या स्क्रूला टेकल्याचा आवाज येईपर्यंत तो पुढची खेप करत नव्हता. मनगटाला दोरी बांधायचा इंजिन-बंद स्विचही बसवला. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून ज्या छोट्या बोटींवर तो असतो तिथे वापरणं सक्तीचं आहे. इतक्या जुन्या बोटीवर बसवण्याची सक्ती नाही. मी न विचारताच बसवला.

तिसऱ्या सकाळी गृहस्थ स्वतः चालवायला बसले, दोरी मनगटाला. नात मागे, सव्वाअठरा मीटरची लांब दोरी. वारा सुटला होता, जाताना समोरून. वेग लागला, मोटरने पकडला आणि त्यांनी उजवा हात लिव्हरवरून उचलून स्टिअरिंगवर ठेवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते कधी कोर्समधून गेले नसतील. बोट रुळावरून जावी तशी गेली. डिस्प्लेवर १६.९४ आलं. परतीच्या फेरीला १६.९५.

ती दोरी सोडून पाण्यात बसली. आम्ही वळून तिच्याकडे निघालो. मी तिच्याकडे पाहत नव्हतो, लिव्हरकडे पाहत होतो. त्यांनी ती मागे घेतली. कापत कापत, पण एका दमात ती मागे आली आणि इंजिन संथ झालं.

मुलीने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं आणि विचारलं, "आजोबा, वारा कुठल्या फेरीला समोरून होता? मला कळलंच नाही."