ब्लॅकजॅक शिकताना: दोन कॅट, वाटीभर चिंचोके आणि डीलरचं उघडं पान

ब्लॅकजॅक शिकताना मला सगळ्यात जास्त आडवी आली ती तीनपत्ती. तिथे पानं छातीशी धरायची, समोरच्याचा चेहरा वाचायचा, ब्लाइंड वाढवून त्याला घाबरवायचं. इथे तुमची पानं सगळ्यांसमोर उघडी पडतात, शेजारच्या खेळाडूशी तुमचं काही देणंघेणं नसतं, सामना फक्त कॅसिनोच्या डीलरशी: एकवीसच्या पुढे न जाता त्याच्याहून मोठी बेरीज करायची. आणि डीलरला डोकं चालवायची मुभाच नसते. सोळापर्यंत त्याने पान घ्यायचंच, सतराला थांबायचंच. मग कॅसिनो जिंकतो कसा? तर आधी पान तुम्ही घेता म्हणून. तुमची बेरीज एकवीसच्या पुढे गेली, म्हणजे तुम्ही 'बस्ट' झालात, की तुमचे पैसे तिथल्या तिथे उचलले जातात. पुढे डीलरही बस्ट झाला तरी ते परत येत नाहीत. कॅसिनोचा मूळ फायदा हा एवढाच, आणि तो डोक्यात बसला की 'एकवीसच्या जवळ जायचा खेळ' ही व्याख्या किती फसवी आहे ते कळतं. कितीतरी डावांत बारा-तेरावर हात आवरून डीलरला बस्ट होऊ देणं, हाच बरोबर खेळ असतो.

महाराष्ट्रात पैसे लावून पत्ते खेळणं १८८७ च्या जुगारविरोधी कायद्यात बसतं, त्यामुळे सराव चिंचोक्यांवर. कॅसिनोत सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून 'शू' नावाच्या पेटीतून वाटतात, पण घरी दोन कॅट पुरतात. दुर्री ते दश्शी छापील किंमत, गुलाम-राणी-राजा दहा, एक्का एक किंवा अकरा. हुकूम, रंग, उतारी सगळं विसरायचं. लक्षात ठेवायचं ते इतकंच की दर तेरा पानांत चार पानं दहाच्या किमतीची असतात.

पहिला आठवडा फक्त बेरजेला दिला, आणि गोंधळ एक्क्यानेच घातला. एक्का-छक्की म्हणजे सात किंवा सतरा. याला सॉफ्ट सतरा म्हणतात. इथे एक पान घेऊन बस्ट होणं अशक्य, तरी नवशिका 'सतरा झाले' म्हणून थांबतो. सॉफ्ट सतरावर कधीच थांबायचं नाही: डीलरच्या दोन पानांपैकी उघडं पान तिर्री ते छक्की असेल तर डबल (तितकीच रक्कम आणखी लावून नेमकं एकच पान घेणं), नाहीतर साधं पान. मात्र एक्का-छक्कीवर नव्वी आली की बेरीज सोळा, आणि आता तो साधा सोळा, सॉफ्ट नाही. ही उडी झटकन जमेपर्यंत पुढे जाऊ नका. मी एक एक्का टेबलावर ठेवून त्यावर एकेक पान टाकत मोठ्याने बेरीज म्हणायचो.

त्यानंतर तक्ता: तुमची पानं आणि डीलरचं उघडं पान पाहून काय करायचं ते सांगणारा. याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात आणि तो कुणाचा अंदाज नाही. अमेरिकन सैन्यातल्या बाल्डविन, कँटी, मायसेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करून तो १९५६ मध्ये अमेरिकेच्या संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापला. संगणकांनी पुढे त्यात किरकोळ दुरुस्त्याच केल्या. अख्खा तक्ता एकदम पाठ करायला गेलात तर खिचडी होते. मी डीलरच्या उघड्या पानाचे दोन गट केले. दुर्री ते छक्की असेल तर डीलर दुबळा: छक्कीवर तो शंभरात सुमारे बेचाळीस वेळा बस्ट होतो, दुर्रीवर पस्तिसेक वेळा. सत्तीवर हे प्रमाण एकदम सव्वीसच्या आसपास घसरतं, आणि पुढच्या पानांवर त्याहूनही खाली.

यावरून साध्या बेरजांचे नियम आपोआप निघतात. तेरा ते सोळा असेल आणि डीलर दुबळा असेल तर थांबा. सत्ती किंवा वरचं पान असेल तर घ्या. सतरा आणि वर नेहमी थांबा. अकरावर डीलरचा एक्का सोडून डबल, दहावर दुर्री ते नव्वीसमोर डबल, नऊवर फक्त तिर्री ते छक्कीसमोर. डबलमध्ये रक्कम दुप्पट गुंतते आणि पान एकच मिळतं, म्हणून ते डीलर अडचणीत असताना करायचं. सारख्या पानांची जोडी आली तर तितकीच रक्कम आणखी लावून ती फोडता येते, म्हणजे दोन वेगळे हात होतात. जोड्यांत एक्के आणि अठ्ठ्या नेहमी फोडा, दहाच्या आणि पंज्यांच्या कधीच नाही. दोन दहा म्हणजे हातात आयते वीस, ते मोडायला जीव होतो कसा देव जाणे. पण टेबलावर मोडणारे दिसतात.

अडखळायला होतं ते तीन ठिकाणी. बारा आणि डीलरची दुर्री: मन म्हणतं थांब, तक्ता म्हणतो घे. पान घेतल्यावर बस्ट होण्याची शक्यता तेरात चार, म्हणजे वाटते तितकी मोठी नाही, आणि थांबलं तर डीलरला दुर्रीवरून सुटायला भरपूर वाव असतो. तिर्रीलाही तेच. चौकीपासून छक्कीपर्यंत मात्र बारावर थांबायचं. दुसरं, एक्का-सत्ती. अठरा झाले म्हणून सगळे खूश, पण डीलरकडे नव्वी, दहा किंवा एक्का असेल तर हे अठरा कमी पडतात, पान घ्या. तिर्री ते छक्कीसमोर डबल करा. दुर्री, सत्ती, अठ्ठीसमोर थांबा. तिसरं, सोळासमोर दहा. शंभराच्या डावावर थांबलात तर सरासरी चोपन्न जातात, पान घेतलंत तर त्याहून किंचित कमी. हा हात वाईटच आहे. सरेंडरची सोय असेल तर अर्धे पैसे सोडून मोकळं व्हावं, पन्नासच जातात.

डीलरचा एक्का दिसला की 'इन्शुरन्स?' असं विचारतात. नावाला भुलू नका. तो तुमच्या हाताचा विमा नाही, डीलरचं झाकलेलं पान दहाचं आहे का यावरची वेगळी पैज आहे. पन्नास लावले तर तेरात चार वेळा शंभर मिळतात, म्हणजे चारशे. नऊ वेळा पन्नास जातात, म्हणजे साडेचारशे. तुमच्या हातात ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान) असताना जे 'ईव्हन मनी', म्हणजे लावले तितकेच पैसे लगेच, देऊ करतात तीही हीच पैज, फक्त गोड शब्दांत. दोन्हींना नाही म्हणायचं. पहिली दोन पानं जोडीची येतील का यावरच्या 'परफेक्ट पेअर्स'सारख्या बाजूच्या पैजांत तर कॅसिनोचा वाटा मुख्य खेळाच्या कित्येक पट असतो.

टेबल निवडताना कापडावर छापलेलं आधी वाचा. ब्लॅकजॅकला ३:२ देतात की ६:५? शंभरावर १५० आणि १२०, फरक तीसचा. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो, म्हणजे प्रत्येक शंभरावर जवळपास १.४ रुपये उगीच गेले. बऱ्या नियमांच्या टेबलावर तक्त्याबरहुकूम खेळलं तर कॅसिनोचा एकूण वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तो या एका ओळीने जवळपास चौपट होतो. दुसरी ओळ सॉफ्ट सतराची: सतराला थांबायच्या नियमाला अपवाद म्हणून डीलर त्यावर पान घेत असेल तर आणखी ०.२ टक्के जातात. काही टेबलांवर डीलर आपलं दुसरं पान सगळ्यांचं खेळून झाल्यावरच घेतो. त्याचा ब्लॅकजॅक निघाला तर डबलचे, फोडलेल्याचे, सगळेच पैसे जातात. अशा टेबलावर दहा किंवा एक्क्यासमोर अठ्ठ्या फोडू नका, अकरावर डबल नको, आणि एक्क्यासमोर एक्केसुद्धा फोडू नका.

पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर जायचं तर वय एकवीस पूर्ण हवं, ओळखपत्र सोबत ठेवा. गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) घेताना पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, दोन डावांच्या मधे कापडावर ठेवायचे. शूमधून वाटलेल्या पानांना हात लावायचा नाही. रमीच्या सवयीने ती उचलायला हात जातोच. वाटप सुरू झालं की लावलेल्या चिप्सनाही शिवायचं नाही. बोलण्यापेक्षा खुणा महत्त्वाच्या, कारण वर कॅमेरा आहे: पान हवं तर बोटाने टेबलावर टिचकी, थांबायचं तर तळवा पालथा धरून आडवा फिरवायचा. डबलसाठी आधीच्या चिप्सशेजारी तितक्याच ठेवून एक बोट, जोडी फोडायला दोन बोटं. आधीच्या थप्पीवर चिप्स चढवल्या तर डीलर थांबवतो.

भरल्या टेबलावर तासाला साठेक डाव होतात. शंभराचा डाव असेल तर अर्ध्या टक्क्याने सरासरी तोटा तीस रुपयांचा, पण तासाभरात आठ-नऊशे वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं. म्हणून किमान डावाच्या चाळीसपट रक्कम घेऊन बसलं तरच तक्ता पाळण्याइतकं डोकं थंड राहतं. उठताना सुट्या चिप्स डीलरपुढे सरकवून 'कलर अप' म्हणायचं. तो मोठ्या चिप्स देतो, रोख मिळते ती कॅशियरच्या खिडकीवर.