एकाच टेकडीच्या कुशीत दोन नाट्यगृहं

सकाळी आठला फाटक उघडलं आणि सगळी गर्दी वर पार्थेनॉनकडे निघाली. मी मात्र अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरच थांबले. अथेन्सला आले होते ती या उतारासाठीच.

पहिलं नाट्यगृह डायोनिससचं, म्हणजे ग्रीकांच्या मद्यदेवाचं. इ.स.पू. पाचव्या शतकात एस्किलस, सोफोक्लीज, युरिपिडीज इथे आपली नाटकं घेऊन स्पर्धेत उतरायचे. तेव्हा बसायला लाकडी फळ्या होत्या. दगडी पायऱ्या आल्या पुढच्या शतकात. टेकडीचा उतार होता तसाच वापरलाय. मधोमध ऑर्केस्ट्रा. आपल्याला या शब्दाने वाद्यवृंद आठवतो, पण ग्रीकांसाठी ती नाचायची जागा. कोरस इथे गात, नाचत असे. मागे ‘स्किनी’, मूळ अर्थ तंबू. नट तिथे मुखवटे बदलत. ती बुटकी, त्यामुळे प्रेक्षकाला नटाच्या डोक्यावरून मोकळं आकाश दिसायचं. मला या वास्तूत सगळ्यात भावलं ते हेच.

पहिल्या रांगेत संगमरवरी आसनं आहेत, त्यांवर पुजाऱ्यांची पदं कोरलेली. मधलं डायोनिससच्या पुजाऱ्याचं, सिंहाच्या पंजांचं. नाटक हा देवाचा उत्सव होता, हे या आसनापाशी उभं राहिलं की पटतं. पण त्यांच्यासमोरच ऑर्केस्ट्राभोवती उभ्या शिळांचा कठडा दिसतो. तो रोमन काळातला, ग्लॅडिएटरांच्या झुंजींसाठी घातलेला. पुजाऱ्यांच्या या आसनांमध्येच माणसं मारली जातात, म्हणून डिओ क्रिसोस्टम या ग्रीक वक्त्याने पहिल्या शतकात ऱ्होड्सकरांपुढच्या भाषणात अथेन्सकरांवर टीका केली होती. कोरसच्या जागेवर हे घडलं, याचं मला फार वाईट वाटलं.

तिथून युमेनिसच्या स्टोआचे, म्हणजे खांबांच्या लांब ओसरीचे, अवशेष धरून सुमारे १६० मीटर चाललं की दुसरं नाट्यगृह येतं, हेरोडिस अ‍ॅटिकस या धनाढ्य ग्रीकाचं ओडिऑन. पत्नी रेजिला हिच्या स्मरणार्थ त्याने हे इ.स. १६०च्या दशकात बांधलं. हे खास संगीतासाठीचं, म्हणून वर देवदाराचं छप्पर होतं. पण घडण अस्सल रोमन. ऑर्केस्ट्रा कापून अर्धवर्तुळ झालेला, कारण नाचणारा कोरसच उरला नव्हता. रंगमंचामागे कमानींची तीन मजली भिंत, थेट प्रेक्षागाराला जोडलेली. आत बसलेल्या माणसाला बाहेरचं काहीच दिसू नये, अशी. रोमनांना टेकडीचीही गरज नसे. रोममधलं मार्सेलसचं नाट्यगृह सपाट जमिनीवर नुसत्या कमानींच्या बळावर उभं आहे. त्या बांधकामकौशल्यापुढे मी मनापासून हात जोडते. तरी निवड करायची तर मी डायोनिससच्या पायऱ्यांवरच बसेन.

ओडिऑन मी वरच्या वाटेवरून पाहिलं. २६७मध्ये हेरुली टोळ्यांनी ते उद्ध्वस्त केलं, छप्पर गेलं. १९५०च्या दशकात पायऱ्यांना नवा संगमरवर बसवला. भिंत बरीचशी शाबूत आहे, पण तिच्या कमानी आता रिकाम्या आहेत आणि प्रत्येक कमानीतून अथेन्स शहर दिसतं.