अतिग्रेची दुपार

कार्तिकी वारीला मी तात्यांच्या शब्दाखातर निघालो. गल्लीतल्या दिंडीचा पखवाजवाला ऐनवेळी आजारी पडला, आणि मी चर्चमधल्या भजनाला तबला धरतो हे त्यांना ठाऊक. नारायण वामन टिळकांचे ख्रिस्तावरचे अभंग म्हणतच मी वाढलो, त्यामुळे हरिपाठ परका वाटला नाही. ओझं दुसरंच होतं.

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या आजारपणात चुलतभावानं त्यांची सही घेतली आणि ओढ्याकाठचं तीस गुंठे रान नावावर करून घेतलं. वडील त्याच पावसाळ्यात प्रभूत निजले. चर्चच्या पाळकांनी तेव्हा बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय उघडला: सूड उगवू नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या, फेड करणं प्रभूकडे आहे. कोर्टात दावा लावायला मात्र त्यांनी आडकाठी केली नाही. लगेच पुढच्याच अध्यायात, वाईट करणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटलं आहे. मी म्हटलं, सोडलं देवावर. आणि रोज संध्याकाळी गावाकडे मेव्हण्याला फोन करायचो. चुलतभावाच्या बोअरचं पाणी आटलं का? उसाला तोड मिळाली का?

शिरोली, हेर्ले, चोकाक मागे पडलं. उसाच्या डबल ट्रॉल्या अंगाला घासून जात होत्या, वर कर्कश गाणी, आणि पुढचे विणेकरी काका काही केल्या पाऊल उचलेनात. मला मनापासून चीड आली होती. गळ्यात पखवाजाचा पट्टा रुतलेला. अतिग्रेच्या अलीकडे डाव्या टाचेचा फोड असा ठणकायला लागला की मी रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसकण मारली.

मागच्या दिंडीतली एक म्हातारी थांबली. डोक्यावरचं तुळशीवृंदावन तिनं शेजारणीकडे दिलं.

"पाय दाव हिकडं."

पिशवीतून सुई काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं, पांढरा दोरा ओवला आणि फोडाच्या एका अंगानं घालून दुसऱ्या अंगानं काढला. पाणी दोऱ्यावरून थेंबाथेंबानं उतरायला लागलं.

"गळ्यात माळ न्हाई तुझ्या."

"मी ख्रिस्ती, मावशी."

"बरं. हलू नगंस. कुनाला शिव्या देत हुतास मगाशी?"

मी सगळं सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. ती खोबरेल तेलात हळद कालवत होती.

"माझ्या दिरानं बी असंच केलं. बारा वरसं इठोबाला म्हनत हुते, त्याला दाव एकदा. मग त्यो मेला. मला वाटलं हुतं, बरं वाटंल." तिनं दातानं दोरा तोडला. "न्हाई वाटलं."

हळदीचा हात पदराला पुसून ती उठली, तुळस डोक्यावर घेतली आणि गेली. नावही विचारायचं राहिलं.

सावली सरकत होती. संडेस्कूलमध्ये आम्ही बायबलमधल्या योना संदेष्ट्याला माशाच्या पोटातून बाहेर काढून थांबायचो. पुढे तो निनवे शहराच्या नाशाचं भाकीत करतो, लोक पस्तावतात आणि देव त्यांना माफ करतो. चिडलेला योना शहराबाहेर मांडव घालून बसतो, या शहराचं आता काय होतंय ते बघत. देव त्याच्यावर तुंबीचा वेल चढवतो, आणि दुसऱ्या पहाटे किडा लावून वाळवतो. योना वेलासाठी संतापतो. मग देव त्याला विचारतो, ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी 1,20,000 हून जास्त माणसं त्या शहरात आहेत, पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्यांची मी कीव करू नये का? योनाचं उत्तर शास्त्रात लिहिलेलंच नाही. मी दोन वर्षं त्या मांडवात बसलो होतो. देवानं क्रोध करावा एवढीच वाट मी बघत होतो. तो दया करील, हे मला चालणारं नव्हतं. बाभळीखाली हे कळलं आणि रडू आलं.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळले. अंकलीच्या पुलावर कृष्णा, मग मिरज, कवठेमहांकाळ. जुनोनीत सगळे मुकाट चालले. 2022 च्या कार्तिकीला तिथं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिंडीत गाडी घुसून सात वारकरी गेले.

सांगोल्याच्या मुक्कामात मी मेव्हण्याला फोन लावला, पाच दिवसांनी. दावा मागे घेतलेला नाही, घेणारही नाही.

"ऊस गेला त्याचा कारखान्याला," तो आपणहून म्हणाला.

"काकीचा गुडघा कसा आहे?" मी विचारलं. चुलतभावाची आई.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "जिना चढवत नाही अजून. खालच्या खोलीतच निजते."