तुम्ही विचारलंत म्हणून : डायलिसिस शिकायला किती दिवस लागतात?

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या लहान दवाखान्यांतून हा प्रश्न आमच्याकडे, डायलिसिस शिकवणाऱ्यांकडे, वरचेवर येतो. दोन-तीन मशीन घेतलेली असतात किंवा घ्यायची ठरलेली असतात. "दोन सिस्टर पाठवतो, पंधरा दिवसांत तयार करून द्याल का?" २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाल्यापासून मोठ्या शहरांबाहेरही केंद्रं वाढली. डायलिसिस टेक्नॉलॉजीत बी.एस्सी. झालेली मुलं मात्र शहर सोडायला तयार नसतात, त्यामुळे साधं नर्सिंग केलेल्यांनाच तयार करावं लागतं. त्यात गैर काही नाही.

मशीन चालवायला पंधरा दिवसांत येतं. रक्ताच्या नळ्यांची लाइन जोडणं, सलाइन सोडून हवा काढणं, अलार्म वाजला की कुठे बघायचं, हे हाताला पटकन बसतं. पण त्याच सिस्टरवर एकटीनं शिफ्ट सोपवायची असेल तर तीन महिने धरा. मशीन सांगितलेलं काम चोख करतं. जे सांगितलं ते बरोबर होतं की नाही, हे त्याला कळत नाही.

म्हणून पहिला आठवडा वजनकाट्यापाशीच जातो. नव्या मुलींना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. हिशेब असा: पेशंटचं ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५२ किलो. आज काट्यावर ५५.१ भरलं. म्हणजे ३.१ लिटर पाणी चढलंय. शेवटी रक्त परत देताना साधारण २०० मिली सलाइन आत जाईल, मधे चहा-पाणी आणखी २००. एकूण साडेतीन लिटर. चार तासांत काढायचं म्हटलं तर तासाला ८७५ मिली, किलोमागे जवळजवळ १७. तासाला किलोमागे १३ मिलीच्या वर जायचं नाही, हा आमचा दंडक. त्यापुढे हृदयावर ताण येतो. ५२ किलोला चार तासांत २.७ लिटरच बसतात. मग वेळ पाच तासांवर न्यायचा, की राहिलेलं पुढच्या खेपेला काढायचं, की मधे एक जादा डायलिसिस लावायचं, हे डॉक्टरांना विचारायचं. मशीनमध्ये ३.५ भरलं तर मशीन ३.५ लिटर मुकाट्यानं काढून देईल.

चूक बहुतेक वेळा काट्यावरच होते. एका दिवशी इरकली नऊवारी, दुसऱ्या दिवशी गाऊन. कधी अंगावर शाल, कधी कमरेला पिशवी. अर्धा किलो सहज इकडचा तिकडे होतो. तो अर्धा लिटर नसलेल्या पाण्यातून काढला जातो आणि तिसऱ्या तासाला बीपी कोसळतं. पेशंट आधी जांभया देतो, घाम येतो, कुणी पोटरीत गोळा आला म्हणतं, कुणी "तली तिरगाकत्तैत्री", म्हणजे डोकं गरगरतंय, म्हणतं. मराठीतली असोत वा कन्नडमधली, तक्रारीची ही दहा-बारा वाक्यं दोन्हीकडच्या मुलींना पाठ हवीत. ऐकलं की आधी पाणी काढणं बंद, डोकं खाली, पाय वर, १०० ते २०० मिली नॉर्मल सलाइन, पुन्हा बीपी. मधुमेही असेल तर शुगरही. आणि सकाळी बीपीची गोळी घेऊन आलाय का, डायलिसिस चालू असताना पोटभर उप्पीट खाल्लंय का, तेही विचारायचं.

ड्राय वेट एकदा लिहिलं की कायमचं, असंही नसतं. भूक सुधारली की अंगावर मांस चढतं आणि जुन्या आकड्यावर नेलं की पायात गोळे येतात. आजारपणात मांस झडतं, वजन तेवढंच दिसतं, पण मधली जागा पाण्यानं भरलेली असते. असा माणूस रात्री आडवा झाला की धापा टाकतो.

दुसरी गोष्ट पाणी. मिनिटाला ५०० मिली या हिशेबानं चार तासांत १२० लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं, मधे फक्त एक पातळ पडदा. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढतं. ते अडवतो कार्बनचा टँक. आरओच्या पडद्यावर त्यासाठी विसंबता येत नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, कमी दाखवतोय म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटतात, पण त्या मीटरला क्लोरीन कळत नाही. प्रत्येक शिफ्टआधी कार्बननंतरच्या पाण्यात एकूण क्लोरीन तपासायचं. लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर कुणालाही मशीनला जोडायचं नाही. जोडलं तर तांबड्या पेशी फुटतात.

मग फिस्टुलाचा हात, म्हणजे सुया घालता याव्यात म्हणून ऑपरेशननं शीर धमनीला जोडलेला हात. थरथर बोटांना लागतेय का, हे बघितल्याशिवाय सुई उघडायचीसुद्धा नाही. दर खेपेला त्याच भागात सुया टोचत राहिलं तर शीर तिथे फुगते, म्हणून जागा बदलत जायचं. नव्या फिस्टुलाला शिकाऊ हात लावायचा नाही. १७ गेजची सुई, सुरुवातीला कमी प्रवाह आणि अनुभवी माणूस. बेळगावच्या थंडीत पेशंट चादर हातावर ओढून घेतात. ते चालणार नाही. परतीची सुई निसटली तर ३०० मिलीच्या प्रवाहावर पाच मिनिटांत दीड लिटर रक्त चादरीखाली जातं. सुईचा स्वतःचा अडथळा असतो, त्यामुळे दाब फारसा उतरत नाही आणि अलार्म गप्प राहू शकतो.

हिपॅटायटिस बी साठी वेगळं मशीन आणि कर्मचाऱ्यांना लस, यावर कुणी वाद घालत नाही, ते करायचंच.

पण यल्लम्माच्या डोंगराला जाऊन एक डायलिसिस चुकवून आलेला पेशंट समोर आला, की खरी परीक्षा. पाय लटपटतात म्हणतो, नाडी मंद लागते. शिकलेली सिस्टर लाइन जोडायच्या आधी ईसीजी काढते आणि डॉक्टरांना हाक मारते, कारण पोटॅशियम वाढलेलं असणार. हे एवढं तिला न सांगता सुचलं, की आम्ही तिच्या वहीवर सही करतो.

तेव्हा पाठवा दोघींना, पण तीन महिन्यांसाठी. आणि तुमच्याकडे आरओ प्लांट बघणारा जो कुणी असेल, वॉर्डबॉय असो की वायरमन, त्यालाही आठवडाभर पाठवा. त्याच्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.