रिकाम्या वेलमधला पिवळा रंग

गेल्या गुरुवारचं डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. मी पुण्यात एका लॅबमध्ये लायपोपेप्टाइड बनवते, म्हणजे सोळा कार्बनची चरबीची शेपटी आणि तिला जोडलेली अमिनो ॲसिडची छोटी साखळी. आमच्या साखळीत लायसिन आणि हिस्टिडिन आहे. पाण्यात ठराविक कॉन्सन्ट्रेशनच्या वर गेलं की हे रेणू आपले आपण जुळून धागे बनवतात. लायसिनचा धन भार बॅक्टेरियाच्या पडद्याला चिकटतो, शेपटी आत घुसून पडदा खिळखिळा करते. हिस्टिडिनचं काम वेगळं, ते एस्टर नावाची संयुगं तोडतं, आणि आम्ही वापरतो तो एस्टर तुटला की पिवळा रंग येतो.

महिनाभर ई. कोलाय या बॅक्टेरियावर एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी कॉन्सन्ट्रेशन, मिलिलिटरला १६ मायक्रोग्रॅमच्या खाली येत नव्हती आणि मीटिंगमध्ये रेणूच कुचकामी ठरला, चाचणीच्या प्लेटबद्दल कुणी विचारलंच नाही. गुरुवारी कॅटालिसिस, म्हणजे ते एस्टर तोडणं, मुद्दाम कमी कॉन्सन्ट्रेशनला लावलं, तर क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) छान पिवळं आणि तेच सोल्युशन ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये जेमतेम. पिपेट तपासलं, बफर नवीन केला, तरी तेच. मग काय सुचलं कोण जाणे, वेलमधलं सोल्युशन काढून टाकलं, बफरने तीनदा धुतलं आणि रिकाम्या वेलमध्ये नुसता एस्टर घातला. थोड्या वेळाने प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवली तर ते वेल फिकट पिवळे, आणि शेजारचे, ज्यांत पेप्टाइड कधी गेलंच नव्हतं, ते जवळपास पाण्यासारखे. माझा रेणू भिंतीला चिकटून बसला होता!

प्लेट पॉलिस्टायरिन या प्लास्टिकची. धन भाराचे पेप्टाइड तिला चिकटतात हे या क्षेत्रात जुनं आहे, त्यासाठी पॉलिप्रॉपिलिन वापरतात, पण ती धुरकट असते, वाचायला त्रास होतो, आणि खरेदीत स्वस्तातलं कोटेशन पास होतं. पेपरमध्येही पुष्कळदा प्लेट कसली ते लिहीत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. डॅप्टोमायसिन, २००३ साली अमेरिकेत मान्य झालेलं अँटिबायोटिक आणि लायपोपेप्टाइडच, न्यूमोनियात चालत नाही कारण फुफ्फुसातलं सर्फॅक्टंट, म्हणजे तिथला चरबीयुक्त थर, त्याला धरून ठेवतं. हे मी स्वतः शिकवलंय, तरी माझ्याच प्लेटकडे बघितलं नाही.

पॉलिप्रॉपिलिनमध्ये लगेच पुन्हा लावलं, शुक्रवारी एमआयसी ४ आली. पण मला झोप येत नाहीये ती दुसऱ्याच गोष्टीने. धागे बनले तरच कॅटालिसिस होतं असं मी दोन वर्षं सांगत आलेय, आणि त्या भिंतीवर धागा कुठे होता? तिथे फार तर एक पातळ थर असणार, तरी वेल पिवळे झाले.