हेल्मेटच्या आतला आवाज

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सेफ्टी बघते. प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनांच्या विभागाच्या, दाराशी इअरप्लगचा डबा असतो आणि कानात प्लग नसलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं, हे माझ्या कामात येतं. मॅनेजर असो नाहीतर कालच लागलेला अप्रेंटिस, सूट कुणालाही नाही. पण शिफ्ट सुटली की हीच माणसं प्लग काढून ठेवतात, दुचाकी काढतात आणि सिन्नरला, घोटीला, वाडीवऱ्ह्याला हायवेने सुसाट निघतात. त्या अर्ध्या-पाऊण तासात त्यांच्या कानावर जे आदळतं ते प्रेस शॉपपेक्षा फार कमी नसतं, कधीकधी जास्तच असतं. आत आम्ही पाट्या लावतो, ट्रेनिंग घेतो, सह्या घेतो. गेटबाहेर त्याच कानांना कुणी वाली नाही.

मी स्वतः गाडीवर भरपूर फिरते. माहेर शहापूरचं, इथून साधारण ९० किलोमीटर. समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे आमची वाट तीच जुनी: पाथर्डी फाटा, विल्होळी, घोटी, इगतपुरी आणि मग कसारा घाट.

कान दुखायला लागले की बहुतेकांचा पहिला संशय सायलेन्सरवर जातो. पण साधारण ६०-६५च्या पुढे गेलात की इंजिनाचा आवाज मागे पडतो आणि वाऱ्याचा वरचढ होतो. हवा हेल्मेटवर आदळून फाटते, तिचे भोवरे होतात, आणि हेल्मेट खालून उघडंच असल्यामुळे हनुवटीपाशी आणि मानेपाशी झालेला तो सगळा खळबळाट थेट कानापर्यंत पोचतो. आयएसआयचं उत्तम बंद हेल्मेट घातलं म्हणजे कान सुरक्षित, असं समजणारे खूप भेटतात. हेल्मेट डोकं वाचवतं, आणि ते घालायलाच हवं. पण त्याच्या आतलं थर्माकोल धडक सोसायला असतं, आवाज अडवायला नाही.

आता आकडे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात ८ तासांच्या शिफ्टला ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी संस्था त्याहून कडक आहे: ८ तासांना ८५, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ला ४ तास, ९१ला २ तास, ९४ला १ तास, ९७ला अर्धा तास आणि १००ला फक्त १५ मिनिटं. मी हाच हिशोब धरून चालते. १००च्या वेगाने गाडी चालवताना हेल्मेटच्या आत, कानापाशी, १०० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. हेल्मेट कुठलं, गाडी कुठली, चालवणाऱ्याची उंची किती, यावर थोडं इकडेतिकडे होतं. पण ढोबळ हिशोब असा की पाथर्डी फाट्यावरून त्या वेगाने निघालात तर गोंदे ओलांडून मुंढेगाव येईपर्यंत कानांचा दिवसभराचा कोटा संपतो. आणि तिथून पुढे अजून घाट, शहापूर, भिवंडी, मुंबई बाकी असते.

वेगाचा परिणाम वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. १००वरून ८०वर आलात की वाऱ्याचा आवाज साधारण ५-६ डेसिबलने उतरतो. वरच्या हिशोबाने ६ डेसिबल म्हणजे कानावरचा मारा मिनिटामागे चौथ्या हिश्श्यावर. इगतपुरीपर्यंतच्या ४५ किलोमीटरला १००ने २७ मिनिटं लागतील, ८०ने ३४. सात मिनिटं जास्त गेली तरी कानावरचा एकूण मारा आधीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच. कुणी काहीच खरेदी करणार नसेल तर त्याला मी एवढं तरी सांगते.

आमच्याकडे दरवर्षी कामगारांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होते. बंद खोलीत बसायचं, हेडफोन लावायचे, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. आवाजाने कान खराब होतो तेव्हा आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीत, एक खळगा दिसतो. जुन्या प्रेस ऑपरेटरच्या आलेखात तो दिसला तर मला नवल वाटत नाही, प्लग सक्तीचे होण्याआधीची वर्षं त्यांनी त्या आवाजात काढली आहेत. पण मागे डिस्पॅचमधल्या एका मुलाच्या आलेखात तसाच खळगा निघाला. तिशीही न गाठलेला मुलगा. डिस्पॅचला कसला आवाज? फार तर फोर्कलिफ्टचा. मी बसवून विचारलं, डीजेचा नाद आहे का, फटाक्यांचा, बँडचा. काहीच नाही. रोज सिन्नरहून गाडीवर येतो, अर्धं हेल्मेट, आणि रस्ता मोकळा मिळाला की नव्वदच्या खाली येत नाही. एका आलेखावरून कारण छातीठोक सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. पण ते पाहून मी कामगारांना “घरी कसे जाता” हे विचारायला लागले. “मॅडम, घरी गेल्यावर थोडा वेळ कानात कुईऽऽ वाजतं, मग जातं,” असं सांगणारे इतके निघाले की पुढच्या ट्रेनिंगमध्ये मी गाडीचा विषय घातला.

ते “मग जातं” हेच फसवं आहे. कानाला दडा बसतो, शिट्टी वाजते, रात्री झोप झाली की मोकळं वाटतं. दरवेळी कान पुरता सावरतोच असं नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीच्या. म्हणजे आवाज ऐकू येतो, पण “स”, “श”, “फ”, “थ” हे उच्चार पुसट होतात. लग्नाच्या हॉलमध्ये समोरचा काय म्हणतोय ते ओठांकडे पाहून ताडावं लागतं. घरचे म्हणतात लक्ष नसतं. पावसाळ्यात इगतपुरीला रातकिड्यांनी रान दणाणून सोडलेलं असतं आणि या माणसाला तिथे शांत वाटतं.

उपाय साधा आहे: इअरप्लग. फोमचे, दोरी नसलेले. दोरी हेल्मेटच्या पट्ट्यात अडकते. १०-२० रुपयांना जोडी मिळते. पाकिटावर २९ किंवा ३३ डेसिबल लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं जरी पदरात पडलं तरी रस्त्यावर पुष्कळ झालं. पण ते घालायची रीत आहे, आणि दहातले आठ जण ती चुकतात. नुसता बोटाने दाबून बसवलेला प्लग जवळपास काहीच अडवत नाही.

आधी हात धुवा. चेनला हात लागलेला असेल, पेट्रोल भरलेलं असेल, तर ते तसंच कानात जाणार. मग प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून वळायचा, देवापुढची वात वळतो तसा, हळूहळू, घडी न पाडता, अगदी बारीक होईपर्यंत. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून मागून घ्यायचा, कानाची पाळी वरच्या अंगाला धरून वर आणि मागे ओढायची. त्याने कानाची वाकडी नळी सरळ होते. मग बारीक झालेला प्लग पटकन आत सरकवायचा आणि बोट तिथेच ठेवून २०-३० सेकंद थांबायचं. फोम फुगताना बोटाखाली कळतो आणि बाहेरचा आवाज हलकेच दूर जातो. आपलाच आवाज डोक्यात घुमायला लागला की समजायचं, बसला. बाहेर काही डोकावत राहता कामा नये, नाहीतर हेल्मेट घालताना तो ओढला जातो नाहीतर तासाभरात टोचायला लागतो. काढताना कधी झटक्यात ओढू नका, पिळत पिळत सावकाश काढा. मळला किंवा वळल्यावर फुगेनासा झाला की टाकून द्या. कान वाहत असेल, दुखत असेल, तर प्लग नको, आधी डॉक्टर.

आमच्याकडे थंडीत कानात कापसाचा बोळा घालून गाडी चालवायची जुनी सवय आहे. निफाडचा पारा उतरला की अर्धं नाशिक मफलर आणि बोळे घेऊन बाहेर पडतं. थंडीला तो ठीक. आवाजाला कापूस जवळजवळ निरुपयोगी आहे, तो भरवशाचा धरू नका.

प्लग घातल्यावर हॉर्न ऐकू येणार नाही, ही भीती मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळते, आणि ती रास्त आहे म्हणून नीट उत्तर देते. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही कमी करतो. वाऱ्याचा गोंगाट उतरला की कान गुदमरत नाही, आणि हायवेवर मागच्या ट्रकचा हॉर्न, स्वतःच्या इंजिनाचा बदललेला सूर, चेनची खरखर, हे उलट वेगवेगळं उमजायला लागतं. गावात मात्र मी घालत नाही. द्वारका, मुंबई नाका इथे वेग कमी असतो, वारा नसतोच, आणि तिथे रिक्षा, सायकल, माणूस, सगळ्यांची चाहूल लागायला हवी. पाथर्डी फाटा सोडला की पेट्रोल पंपावर थांबून हात धुते, प्लग घालते. कसारा घाट उतरताना कान बंद झाल्यासारखे वाटतात ते उंची बदलल्यामुळे, आवंढा गिळला की मोकळे होतात. गावातही घालायचे असतील त्यांनी फिल्टरवाले प्लग बघावेत, ते महाग असतात पण बोलणं स्पष्ट येऊ देतात.

ब्लूटूथवरची गाणी हा प्लगला पर्याय नाही. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवावा लागतो, म्हणजे १०० डेसिबलवर आणखी भर. स्पीकर बसवायला हेल्मेटचं थर्माकोल कोरून देणारे भेटतात. त्यांच्या हाती हेल्मेट देऊ नका, कोरलेल्या जागी ते धडक सोसणार नाही.

वारा मुळात कमी कसा करायचा, यात मी बऱ्याच खटपटी केल्या. सगळ्यात फरक पडला तो गळ्यापाशी. आपल्या नाशिकच्या मुली स्कार्फ बांधूनच गाडीवर बसतात, मीही. पण जाड स्कार्फचे तीन वेढे डोक्यावर घेऊन वर हेल्मेट घातलं तर ते वर उचललं जातं, गालाशी सैल राहतं, आणि फट पडली की वारा आत. मागे फडफडणारी टोकं तर कानाशीच आपटत राहतात. डोक्यावर पातळ कापड किंवा बफ, म्हणजे नळीसारखा शिवलेला पातळ रुमाल, घ्या, आणि स्कार्फ हनुवटीखाली, हेल्मेट आणि जॅकेटच्या मधल्या मोकळ्या जागेत गुंडाळून टोकं आत खोचा. उंच अंबाडा असेल तरी हेल्मेट पुढे झुकतं, वेणी खाली घालून जॅकेटमध्ये सोडा. मोठे कानातले काढून ठेवा. हे हायवेला लागण्याआधी एकदा करून बघा, हनुवटीखालचा तो घोंघाट किती उतरतो ते लगेच कळेल.

हेल्मेटच्या काचेचं रबर तपासा. पावसात घोटीच्या पुढे ज्या कोपऱ्यातून पाणी आत ठिबकतं, उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यातून वारा शिट्टी मारतो. रबर बदलून मिळतं.

गाडीच्या पुढच्या काचेबाबत, म्हणजे विंडस्क्रीनबाबत, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आखूड काच छातीवरचा वारा उचलते आणि त्याची फाटकी धार नेमकी हेल्मेटवर आणून सोडते. छातीला आराम, कानाचे हाल. रस्ता सरळ, मोकळा असताना मागे बसलेल्याला खबरदार करून पाठ थोडी ताठ करा, मग थोडं वाका. डोकं वरखाली झाल्यावर आवाज एकदम सपाट होत असेल तर काच चुकीच्या उंचीची आहे. माझ्या गाडीवरची आखूड काच काढून टाकल्यावर वारा छातीवर आला, पण हेल्मेट शांत झालं. कंटेनरच्या मागे चिकटून चालल्यावर डोकं गदागदा हलतं तेही याच फाटक्या हवेमुळे, आणि तिथे समोरचं काही दिसतही नाही.

रोज हायवेने ये-जा असेल तर वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे किंवा ऑडिओलॉजिस्टकडे होते, सुईबिई काही नाही. जाण्याआधी निदान १४ तास कान आवाजापासून लांब हवा, नाहीतर तात्पुरत्या दड्यामुळे आलेख खोटा येतो. म्हणून सकाळची वेळ घ्या, आदल्या संध्याकाळी हायवेवर गाडी नेऊ नका, आणि बाहेरगावचे असाल तर त्या दिवशी एसटीने या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र वेळ घेत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.